मामाची हॉलोबॉडी: दुरुस्तीच्या नोंदी

२ जून, रविवार

मामा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत डोंबिवलीहून गिटार घेऊन गिरगावात पोचला. इतर दिवशी ही केस लोकलमध्ये चढवणं शक्यच नव्हतं. उघडल्याबरोबर आधी वास आला, बंद माळ्याचा, ओल्या गोणपाटाचा. आतल्या मखमलीवर पांढरी बुरशी, तारा गंजून तपकिरी, मानेवरच्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, हिरवट थर. लाकूड मात्र शाबूत आहे. मान सरळ, कडेची पट्टी कुठे सुटलेली नाही.

"आवाज वाढवला की शिटी मारते, कमी केला की घशातल्या घशात बोलते," मामा म्हणाला. "एकाला दाखवली होती. त्याने बारीक तारा लावून दिल्या, वायरिंग उघडलं, आणि तेव्हापासून घरघरपण सुरू झाली."

गिटार चिनी बनावटीची, गिब्सनच्या ईएस-१७५ च्या धर्तीची. मामाने व्हीआरएसच्या पैशांतून २००५ साली घेतली होती. पोट सोळा इंच रुंद, कडा साडेआठ सेंटिमीटर खोल, आत पूर्ण पोकळ. पुढची-मागची फळी मेपलच्या पातळ थरांची, साच्यात दाबून फुगवलेली. पुढच्या फळीत 'f' आकाराची दोन भोकं, म्हणजे एफ-होल. तारांची थरथर पकडून अ‍ॅम्पला देणारे दोन हंबकर पिकअप, चार नॉब. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी फळीला चिकटवलेली नाही, तारांच्या दाबावर उभी असते.

मापं घेतली. बाराव्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ३.४ मिमी वर, पहिली, सगळ्यात बारीक, २.९. मानेचा बाक ०.६ मिमी. एवढ्या उंचीवर एका बोटाने सगळ्या तारा दाबायची बॅरे कॉर्ड धरायची म्हणजे मनगटाचा जीव जातो. मामाने वाजवणं का सोडलं असेल ते या आकड्यांतच कळलं.

वाडीच्या गणपतीत एका संध्याकाळी भावगीतांचा कार्यक्रम असतो. तोपर्यंत ही तयार करायची असं मामाला सांगितलं आहे.

४ जून

साफसफाई. मखमल व्हिनेगरच्या पाण्याने पुसली आणि केस दिवसभर गॅलरीत उन्हात ठेवली. पुढच्या आठवड्यात ऊन मिळणार नाही. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून बारीक पॉलिश पेपरने घासले. स्टील वूल मुद्दाम वापरली नाही, कारण तिचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो आणि तिथून निघत नाही.

मग बोटाच्या पेराने फळीवर ठिकठिकाणी ठोकून ऐकलं. चांगल्या पोकळ पेटीचा ठोका गोल यायला हवा. इथे ठोक्यामागे एक बारीक 'झर्र' येत होती. आतली कुठली पट्टी सुटली असेल या भीतीने दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा आणि मोबाइलचा टॉर्च एफ-होलमधून आत घातला. दोन्ही पट्ट्या घट्ट. पिकअपची एक वायर मोकळी लोंबत होती आणि ठोक्याबरोबर मागच्या फळीला चाटत होती. वायरिंग उघडेन तेव्हा तिचा बंदोबस्त होईल.

९ जून

पाऊस आला. खोलीतला आर्द्रतेचा काटा सकाळी ७०, संध्याकाळी ८४.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. फुगतं ते आडवं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे फळीची कमान वर उचलली जाते, तिच्यावरची घोडी उचलली जाते, आणि तारा बोटांपासून लांब जातात. थरांच्या फळीत हे कमी होतं, कारण एका थराची रेष दुसऱ्याला आडवी असते. कोरीव स्प्रूसची असती तर मी पावसाळ्यात हात लावला नसता. केसमध्ये सिलिका जेलच्या चार पुड्या आणि एक छोटा काटा टाकला. केसमध्ये ५० ते ५५ राहिलं तर काम करता येईल. ओलाव्याने रंग बदललेले दाणे मंद आचेवर एका जुन्या तव्यात वाळवते. हा तवा आता स्वयंपाकाला नाही.

१५ जून

ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक आवरणारी आतली सळई. केसमधला काटा तीन दिवस ५४ वर स्थिर दिसल्यावरच हात घातला. पाव फेरा घट्ट, मग एक दिवस थांबणं. परत पाव फेरा, परत एक दिवस. बाक ०.६ वरून ०.३ वर आला. आणखी ओढायचा मोह होता, पण तारा बदलल्यावर ताण बदलणार आहे. इथेच थांबवलं.

२२ जून

आजचा दिवस घोडीचा. दुखणं इथेच आहे असा संशय पहिल्या दिवसापासून होता.

वर धातूची ट्यून-ओ-मॅटिक पट्टी, तिला सहा सॅडल, म्हणजे प्रत्येक तार टेकायची एक सरकती बैठक. खाली शिसवी लाकडाचा पाया, त्याला दोन पाय. हे दोन पाय फुगीर फळीवर पूर्ण टेकले पाहिजेत. तारेचं सगळं बोलणं या पायांतूनच फळीत उतरतं, दुसरा रस्ता नाही. कागदाची अरुंद पट्टी पायाखाली सरकवून पाहिली. जाड तारांकडच्या पायाखाली ती आरामात आत गेली, जवळजवळ मध्यापर्यंत. म्हणजे तो पाय फक्त बाहेरच्या कडेवर उभा होता. कारखान्यात पाये एकाच मापाने निघतात आणि प्रत्येक फळीची कमान थोडी वेगळी असते, त्यामुळे हे सर्रास होतं.

उपाय जुना आहे. व्हायोलिनवाले घोडीचे पाय असेच बसवतात. घोडीची जागा फळीवर टेपने आखून घेतली. तिथे १२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवला. मग पाया त्यावर ठेवून, तारांच्या दिशेने, दीड-दोन सेंटिमीटर पुढे-मागे. फळीच्याच आकारावर घासल्यामुळे पाय आपोआप त्या कमानीचा होतो. दोन्ही हातांचा दाब सारखा हवा आणि पाया उभा राहायला हवा, नाहीतर तळ गोल होतो.

कुठे किती टेकतंय ते पाहायला स्टेशनरीवाल्याकडून कार्बन पेपर आणला. शाईची बाजू वर ठेवून पाया दाबला, उचलला. शिसवीवर निळे ठिपके. पहिल्यांदा जाड तारांच्या पायावर कडेला एकच निळी रेघ उमटली, नखाएवढी. वीस घासण्यांनंतर ती रेघ रुंद झाली. शंभरानंतर आतल्या बाजूला दुसरा ठिपका आला, एकटा, आणि दोन्हींच्या मध्ये कोरी जागा. मग ते दोन ठिपके एकमेकांकडे सरकत गेले. रात्री साडेअकराला थांबले तेव्हा मध्ये अजून तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी होती.

२४ जून

पाय बसला. शेवटची घासणी २४० नंबरवर. आता दोन्ही पायांचे तळ कार्बनवर पूर्ण निळे उमटतात आणि कागदाची पट्टी कुठूनही आत जात नाही.

आजीच्या तानपुऱ्याची जवारी काढायला मिरजेला गेलो होतो, ते हे काम करताना सतत आठवत होतं. तिथले कारागीर घोडीच्या वरच्या अंगाला कानस फिरवतात, एकदोनदा, की लगेच तार छेडून ऐकायचं. तिथे तार आणि घोडी यांची भेट घडवायची असते, इथे घोडी आणि फळीची. पण आधी घासायचं आणि मग कानाला विचारायचं, हा क्रम तोच.

जुन्याच तारा परत चढवल्या आणि अ‍ॅम्प न लावता वाजवलं. मी एवढ्या फरकाची अपेक्षा केली नव्हती. सहावी तार आधी थोटी वाटायची, तिला आता तळ आला आहे. आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. बाहेरच्या गॅलरीतून शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवीन आणलीस का गं?"

मग अ‍ॅम्प लावला. शिटी आधी नॉबच्या सहावर सुरू व्हायची. आता साडेचारवरच सुरू झाली.

३० जून

सहा दिवस हेच डोक्यात आहे. घोडी नीट बसवली तर आवाज भरला आणि शिटी वाढली. दोन्ही एकाच कारणाने. तार फळी हलवते म्हणून आवाज भरतो. आणि अ‍ॅम्पचा आवाज खोलीतून परत येऊन तीच फळी हलवतो, फळी घोडीतून तार हलवते, तार पिकअपला कळते, पिकअप अ‍ॅम्पला सांगतो. फेरा पुरा. फळी जितकी मोकळी, तितकं हे चक्र सोपं.

म्हणून शिटी हा या गिटारमधला बिघाड नाही असं मला वाटायला लागलं आहे. बिघाड समजून ती मारायला गेलं की सोबत आवाजही मरतो. ठरवायचं एवढंच, की कुठल्या सुरावर आणि किती आवाजाला तिने उठावं.

तो सूर शोधायला आज मामाला बोलावलं. त्याचा खर्ज अजून छान लागतो. मामाने गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवर रुमाल पसरला, आणि मामा एफ-होलवर तोंड आणून हळूहळू वरून खाली 'ओ'कार लावत गेला. मी तळहात मागच्या फळीवर ठेवून बसले. बराच वेळ काही नाही. मग एका ठिकाणी फळी हाताखाली जिवंत झाली, मांजर गुरगुरतं तशी. मामाही दचकला. "अगं, ही साथ देतेय!"

ट्यूनरवर ११२ हर्ट्झ. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये. शिटीही बरोबर तिथेच उठते. हा गिटारच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा सूर. बाटलीच्या तोंडावर फुंकलं की निघतो त्याच जातीचा. पोटातली हवा किती आणि भोकं किती मोठी, यावर तो ठरतो.

मामा मग चहा पीत १९७८ च्या जॅझ यात्रा या संगीत महोत्सवाबद्दल बोलत बसला. निरंजन झवेरींनी भरवलेली ती पहिली जॅझ यात्रा, धोबी तलावच्या रंगभवनात. सॅक्सोफोनवाला सोनी रॉलिन्स आला होता. मामाकडे तिकिटाचे पैसे नव्हते, तो आणि त्याचा मित्र भिंतीबाहेर फुटपाथवर बसून ऐकत होते. "गिटार दिसत नव्हती, पण ठक्‌ ठक्‌ असा तिचा ठोका भिंतीवरून यायचा. तो मला हवा होता." वीस-बावीस वर्षं नोकरीत गेली आणि मग व्हीआरएसचे पैसे हातात आल्यावर त्याने ही गिटार घेतली. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

तो म्हणतो तो ठोका हॉलोबॉडीचाच. भरीव गिटारमध्ये तारेची ताकद तारेतच राहते, म्हणून आस लांब चालते. पोकळ पेटीत फळी ती ताकद भराभर घेते. सूर लख्ख उमटतो आणि लवकर विरतो, पुढच्या सुराला जागा करून देतो. कॉर्डमागून कॉर्ड ठोक्यावर धरायची असेल तर हेच हवं.

६ जुलै

लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. नॉबखाली बसणारे, आवाज कमी-जास्त करणारे ५०० के चे चार पॉट, दोन ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, शिल्डेड वायर, एक जॅक.

पॉट 'ए' म्हणजे लॉग हवेत, 'बी' म्हणजे लिनिअर नकोत. कानाला आवाजाची वाढ सरळ रेषेत कळत नाही, म्हणून लिनिअर पॉटवर सगळा बदल पहिल्या थोड्या फिरवण्यात संपल्यासारखा वाटतो. एका दुकानात 'ए' छापलेले पॉट मिळाले. शंका आली म्हणून काउंटरवरच मल्टिमीटर लावला. अर्ध्यावर फिरवले तर बरोबर निम्मा रेझिस्टन्स, म्हणजे छाप काहीही असो, आतून लिनिअर. परत केले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी स्वतःच मीटर काढला आणि डबा उपसून सारखे वाचणारे चार निवडून दिले, सगळे ४६० ते ४८० च्या मध्ये.

येताना नागदेवीत जाऊन गॅस वेल्डिंगच्या नॉझल साफ करायच्या सुयांचा संच घेतला. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात त्या नटच्या खाचा रुंद करायला त्या उत्तम कानस आहेत. क्रॉफर्ड मार्केटमधून माशांच्या टाकीची हवेची नळी, दोन मीटर.

१३ जुलै

वायरिंग. बऱ्याच भरीव गिटारना मागे झाकण असतं, उघडलं की सगळं समोर. इथे झाकण नाही. चार पॉट, स्विच, जॅक हे सगळं दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या एफ-होलमधून आत जाऊन आपापल्या भोकातून बाहेर डोकावलं पाहिजे.

जुनं बाहेर काढल्यावर घरघरीचं कारण दिसलं. तारा जिला अडकतात त्या टेलपीसपासून निघणारी अर्थिंगची वायर कापून तशीच सोडली होती. आधीच्या दुरुस्तीत कोणी तरी विसरलं असणार. ही वायर असली की वाजवणाऱ्याचा हात तारांना लागताच घरघर खाली बसते.

पुठ्ठ्यावर नॉबच्या भोकांचा नकाशा काढला, त्यात पॉट बसवून सगळं सोल्डरिंग बाहेरच केलं. त्या दिवशी चाटणारी वायर इतरांबरोबर बांधून टाकली. मग प्रत्येक भोकातून नळीचा एक तुकडा आत सोडून एफ-होलमधून बाहेर ओढला, तो पॉटच्या दांड्यावर घट्ट बसवला, आणि बाहेरून नळी ओढत पॉटला त्याच्या भोकापर्यंत आणायचं. सगळ्यात लांबचा आधी.

भाचा आला होता, सहावीत आहे. माझी बोटं एफ-होलमधून दुसऱ्या पेरापर्यंतच जातात, त्याची पूर्ण जातात. मी आरशात बघून सांगायचं, "थोडं वर, आता तुझ्याकडे वळव," आणि त्याने आतून पॉट उचलून धरायचा. तिसरा पॉट दोनदा नळीतून निसटला, आत गडगडला. दुसऱ्यांदा तो कपॅसिटरच्या खाली अडकला आणि तिथून सोडवायला पाऊण तास गेला. जोर लावला असता तर सोल्डर सुटलं असतं, म्हणून मी भाच्याला थांबवून सगळं परत बाहेर घेतलं आणि पहिल्यापासून घातलं. साडेतीन तासांनी चौथा दांडा भोकातून बाहेर आला तेव्हा तो ओरडला, "मावशी, आला!" नट त्यानेच फिरवला.

जॅक शेवटी. त्याला नळी नाही, एक जुनी तार आतून घालून तिच्या टोकाचा गोळा जॅकमध्ये अडकवला आणि ओढला.

घरघर गेली. नॉब फिरवताना खरखर नाही.

२१ जुलै

नवीन तारा, धोबी तलावहून. फ्लॅटवाउंड, जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत १२ ते ५२, तिसरी तारही गुंडाळलेली. आधीच्या १० च्या बारीक तारा या गिटारला चुकीच्याच होत्या. तरंगती घोडी तारांच्या दाबावर उभी असते. दाब कमी पडला की ती फळीशी नीट बोलत नाही, आणि जोरात वाजवलं तर जागेवरून सरकते.

फ्लॅटवाउंडची वरची गुंडाळी चपटी पट्टी असते, त्यामुळे बोट सरकवताना चिरचिर होत नाही आणि वरचे चमचमते सूर कमी होतात. अ‍ॅम्पमधून आवाज थोडा गडद, थोडा लाकडी येतो. जुन्या जॅझच्या गिटारचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो त्यात या तारांचा वाटा मोठा आहे.

एका वेळी एकच तार बदलली. सगळ्या काढल्या तर घोडी हातात येते आणि तिची जागा हरवते. जाड तारांना नटच्या जुन्या खाचा अरुंद पडत होत्या, ट्यून करताना 'टक्' आवाज करून सूर एकदम उडी मारायचा. नागदेवीच्या सुयांनी खाच तारेपेक्षा केसभर रुंद केली, तळ खुंटीच्या दिशेने उतरता ठेवला, आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली. आता तार सरळ सरकते.

ताण वाढल्याने मानेचा बाक परत ०.४५. ट्रस रॉड पाव फेरा, दोन दिवसांनी ०.२५. घोडी खाली घेतली. बाराव्या फ्रेटवर सहावी २.१, पहिली १.७. जाड तारा असूनही आधीपेक्षा कितीतरी हलकं लागतं.

२७ जुलै

घोडीची जागा. स्केल, तारेची वाजती लांबी, पावणेपंचवीस इंच, म्हणजे नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३१४ मिमी आणि तिथून घोडीपर्यंत पुन्हा तेवढंच, अधिक थोडं. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, ती भरपाई म्हणून हे 'थोडं' लागतं. जाड तारेला जास्त.

आधी पूर्ण घोडी सरकवून पहिली आणि सहावी तार मिळवली, मग मधल्या चार सॅडल स्क्रूने. बाराव्यावरचा दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा, म्हणजे नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा, चढा आला तर सॅडल मागे, टेलपीसकडे. उतरता आला तर पुढे. तिसऱ्या तारेचं सॅडल तर उलट बाजूला नेऊन ठेवलेलं होतं. गुंडाळी नसलेल्या जाड तारेला फार मागे न्यावं लागतं, गुंडाळलेलीला तितकं नाही. आता सातव्या फ्रेटवरची मेजर कॉर्ड खरी वाटते.

जागा ठरल्यावर पायांच्या कडेने टेपचे दोन छोटे तुकडे लावले. मामाने तारा बदलल्या तर खूण राहील.

४ ऑगस्ट

अंधेरीतली एक जॅम रूम दोन तासांसाठी घेतली. चाळीत एवढ्या आवाजाला वाजवणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

ड्रमच्या आवाजाला पुरेल इतका अ‍ॅम्प उघडला. ११२ ला शिटी, अपेक्षेप्रमाणे. ए किंवा बी-फ्लॅट, म्हणजे पांढरी सहा किंवा काळी पाच, वाजवून हात उचलला की सूर विरायच्या ऐवजी वाढत जातो.

ही अडचण या वाद्याच्या जन्मापासूनची आहे. १९३६ साली गिब्सनने ईएस-१५० काढली ती एवढ्यासाठी, की मोठ्या बँडच्या भोंग्यांत साध्या गिटारचा आवाज बुडायचा. आहे त्या पोकळ पेटीवर पिकअप बसवला. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये ती घेऊन गेला आणि गिटार एकटीने पुढे येऊन बोलू शकते हे सगळ्यांना कळलं. पण आवाज जसा वाढत गेला तशी पेटी ओरडायला लागली. १९४९ च्या ईएस-१७५ ची थरांची फळी कोरीव फळीपेक्षा कमी हलते. १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये पोटातून मेपलचा भरीव ठोकळाच घातला. ब्लूजवाले बी. बी. किंग एफ-होलमध्ये कापड कोंबायचे, आणि १९८० साली गिब्सनने त्यांच्या नावाने काढलेल्या मॉडेलला एफ-होलच ठेवले नाहीत.

मीही पॅकिंगच्या काळ्या फोमचे दोन तुकडे एफ-होलच्या आकाराचे कापून नेले होते. दोन्ही लावले. ११२ ची शिटी गायब. पण तिच्याबरोबर सहाव्या तारेचा तळही गेला, मामाच्या मांडीवर जे गुरगुरलं होतं ते गेलं. डब्यात बंद करून वाजवल्यासारखं. शिवाय आणखी आवाज वाढवल्यावर मोकळ्या तिसऱ्या तारेच्या आसपास नवीन शिटी उठली. ती फळीची स्वतःची. हवेला गप्प केलं म्हणून फळी गप्प बसत नाही.

मला हे मान्य नाही. २४ जूनला जे मिळालं ते फोमने परत द्यायचं नाही.

१८ ऑगस्ट

परत जॅम रूम. यावेळी एकच एफ-होल बंद केलं, जाड तारांकडचं. भोकं अर्धी झाली की पेटीतल्या हवेचा सूर खाली उतरतो. मोजला तर ११२ वरून एफ, म्हणजे पांढरी चारच्या आसपास, ८७ हर्ट्झला आला. कार्यक्रमातली गाणी काळी एक आणि काळी दोनमध्ये आहेत, मामा तिथे मधल्या चार तारांवर कॉर्ड धरतो. एवढ्या खाली तो क्वचितच उतरतो. म्हणजे पेटी घुमायची राहिली, फक्त तिची घुमण्याची जागा गाण्याच्या रस्त्यातून बाजूला झाली. तिथला उरलेला जोर अ‍ॅम्पच्या बास नॉबने थोडा कमी केला.

बाकी बारीकसारीक. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर. मामाने त्याच्यासमोर नाही, बाजूला बसायचं. पिकअप जाड तारांकडे खाली, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मध्ये ३ मिमी. घोडी आणि टेलपीसमधल्या तारांचे तुकडे आपापले वेगळे सूर काढत राहतात, त्यांच्यात फेल्टची एक पट्टी खालून-वरून विणली.

नॉब सातपर्यंत शिटी नाही. उघड्या एफ-होलजवळ कान नेला तर लाकडाचा आवाज तिथे आहे.

१२ सप्टेंबर

वाडीतला कार्यक्रम झाला. दुपारी दोन तास पाऊस, मांडवात आर्द्रतेचा काटा ८८. गिटार शेवटच्या क्षणापर्यंत केसमध्ये ठेवली. तरीही तिसऱ्या गाण्यापर्यंत सहावी तार थोडी उतरली, मामाने दोन गाण्यांच्या मध्ये लावून घेतली.

पेटी, तबला, गाणारी शेजारच्या काकूंची सून, आणि मामा. साध्या चालीखाली त्याने जॅझच्या सातव्या-नवव्याच्या कॉर्ड ठेवल्या, अगदी हलक्या, ठोक्यावर धरून लगेच सोडलेल्या. तबल्याच्या बायाखाली गिटार कुठेच बुडली नाही आणि गाण्यावर कुठेच आली नाही. मी मांडवाच्या मागच्या टोकाला, रस्त्यावर जाऊन उभी राहिले. बसच्या आवाजातून शब्द अर्धेच कळत होते. ठोका येत होता.

एका कडव्यानंतर स्पीकरवाल्याने सगळ्यांचाच आवाज वाढवला आणि गिटार गुरगुरायला लागली. मी पुढे धावणार एवढ्यात मामाने उजवा तळहात फळीवर टेकवला. गुरगुर थांबली. त्याने हात उचलला आणि पुढची कॉर्ड धरली.

२२ सप्टेंबर

गिटार मागच्या आठवड्यातच डोंबिवलीला गेली. सोबत सिलिकाच्या पुड्या, काटा, फोमचा तुकडा, ट्रस रॉडची चावी. शेवटची मापं: बाक ०.२५, सहावी २.१, पहिली १.७. पाऊस संपून हवा कोरडी झाली की मापं परत घ्यायची आहेत. फळी बसेल तशी घोडीही बसेल, कदाचित पाव मिमी वर घ्यावी लागेल. सातव्या फ्रेटवर दुसऱ्या तारेखाली खड्डा पडायला सुरुवात झाली आहे, तो तेव्हाच बघेन.

रात्री मामाचा फोन. घरी फोम काढून ठेवलाय म्हणाला. रोज सकाळी अ‍ॅम्प न लावता अर्धा तास वाजवतो, आणि मधेच एफ-होलवर वाकून तो सूर लावून बघतो.

"आज थोडा खाली लागला गं," म्हणाला. "डोंबिवलीची हवा वेगळी आहे का?"

त्याला खोलीतला काटा वाचून सांगायला सांगितलं आहे.